गिऱ्हाईक कोण? संसदीय स्थायी समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण, वने व हवामान बदलविषयक संसदीय स्थायी समिती,
नवी दिल्ली

सन्माननीय सदस्यहो,



दरवर्षी अर्थसंकल्प मांडून झाला की अंतराळ विभागाच्या अनुदानाच्या मागण्या तुमच्या समितीपुढे येतात. २०२५-२६ साठी हा आकडा सुमारे १३,४०० कोटींचा होता. मागितले किती, मिळाले किती, खर्च किती झाले आणि उरले ते का उरले, हे तुम्ही विचारता. विभाग उत्तरं देतो, अहवाल छापला जातो. असे अहवाल आवडीने वाचणारी माणसं देशात फार नसावीत. मी त्यांतला एक. त्यात एका प्रश्नाची जागा मला रिकामी दिसते. तो प्रश्न का विचारायला हवा हे सांगण्यासाठी तुम्हाला १९७१ सालच्या लंडनमध्ये न्यावं लागेल.

२९ जुलै १९७१ रोजी फ्रेडरिक कॉर्फिल्ड या मंत्र्यांनी ब्रिटिश संसदेत जाहीर केलं की ब्लॅक ॲरो हा प्रक्षेपक सरकार बंद करत आहे. तोवर त्याची तीन उड्डाणं झाली होती आणि एकही उपग्रह कक्षेत गेला नव्हता. पण चौथं रॉकेट ऑस्ट्रेलियाच्या वाटेला लागलेलं होतं. आता निघालंच आहे तर उडवून टाका, असं ठरलं. २८ ऑक्टोबरला वूमेराच्या वाळवंटातून ते उडालं आणि ६६ किलोचा ‘प्रॉस्पेरो’ बिनचूक कक्षेत जाऊन बसला. शेवटच्या टप्प्याने जाता जाता त्याला मागून धक्का दिला आणि त्याची एक अँटेना मोडली, तेवढंच. स्वतःच्या प्रक्षेपकाने उपग्रह सोडणारा ब्रिटन हा जगातला सहावा देश ठरला, आणि ही विद्या हाती आल्यावर ती सोडून देणारा एकमेव. तेरवी आधी आणि बारसं नंतर, असा हा प्रकार.

पाचवं रॉकेट तयार होतं. ते आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

ब्लॅक ॲरो ही काही गचाळ वस्तू नव्हती, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर ‘जमलं नाही म्हणून सोडलं’ असा सोयीचा समज होतो. ते आइल ऑफ वाइट या बेटावर, ईस्ट काउझच्या विमान कारखान्यात बनायचं. बेटाच्या पश्चिम टोकाला, समुद्रात उभ्या असलेल्या नीडल्सच्या पांढऱ्या सुळक्यांच्या वरच्या कड्यावर, रॉकेट जमिनीशी जखडून इंजिनं पेटवली जायची. गॅमा नावाची ही इंजिनं तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालत. चांदीचा मुलामा दिलेल्या जाळीतून पेरॉक्साइड गेलं की त्याची धगधगती वाफ आणि ऑक्सिजन व्हायचा, आणि त्यात सोडलेलं शुद्ध रॉकेल आपोआप पेटायचं. ठिणगीची गरजच नाही. द्रवरूप ऑक्सिजनच्या थंडीची कटकट नाही, काजळी नाही. ज्वाळा इतकी स्वच्छ की जवळजवळ आरपार दिसायची. तेरा मीटर उंचीचं, टोकाला लाल टोपी असलेलं हे रॉकेट लोकांत ‘लिपस्टिक’ म्हणून ओळखलं जाई. त्याच्या आधीच्या ब्लॅक नाइट या संशोधन रॉकेटाची २२ उड्डाणं झाली होती आणि त्याची ख्याती खात्रीच्या यंत्राची होती. ब्लॅक ॲरोच्या साऱ्या कार्यक्रमाचा खर्च सुमारे ९० लाख पौंड. त्याच काळात कॉन्कॉर्ड विमान किती पैसा गिळत होतं ते पाहिलं तर ही रक्कम चहापाण्याची वाटेल.

मग सोडलं का?

मंत्रालयातली फाइल एका ओळीत सांगायची तर अशी होती: अमेरिकेचं स्काउट रॉकेट तयार आहे, स्वस्त पडतं, त्यावर आपले उपग्रह पाठवू. पुढचा उपग्रह ‘मिरांडा’ १९७४ च्या मार्चमध्ये खरोखर स्काउटवरूनच गेला. हिशेबात चूक नव्हती. पौंडाचं १९६७ मध्ये अवमूल्यन झालं होतं. गॅमा इंजिनं बनवणारी रोल्स-रॉइस १९७१ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत निघाली होती आणि सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली होती. अशा वेळी वर्षाकाठी जेमतेम एक-दोनदा उडणारं, १३० किलोंच्या आसपासच ओझं उचलणारं रॉकेट पोसा, असं कोणत्या अर्थखात्याला पटवायचं? कॉर्फिल्ड यांना मूर्ख ठरवणारे लेख इंग्लंडात उदंड लिहिले गेले आहेत. मला ते मूर्ख वाटत नाहीत. त्या खुर्चीत तुमच्यापैकी कोणी असतं तर बहुधा त्याच कागदावर सही झाली असती.

खरी उणीव त्या फाइलच्या बाहेर होती. ब्लॅक ॲरोला गिऱ्हाईक नव्हतं. संरक्षण खात्याला हवे होते स्कायनेट हे दळणवळण उपग्रह. ते ३६,००० किलोमीटरवर न्यायचे, म्हणजे या रॉकेटाच्या आवाक्याबाहेर. ते अमेरिकन रॉकेटांवरून गेले. टपाल खात्याला आंतरराष्ट्रीय दूरध्वनीसाठी इंटेलसॅट ही सामायिक उपग्रहसेवा पुरेशी होती. शास्त्रज्ञांचे एरियल मालिकेतले उपग्रह १९६२ पासून अमेरिका उडवत होती. उरलं कोण? ज्यांनी रॉकेट बांधलं तेच इंजिनिअर, नव्या उपकरणांची चाचणी घेण्यापुरते. जुलैमध्ये ते बंद झाल्याचं जाहीर झालं तेव्हा एकाही दुसऱ्या खात्याने ‘अहो, आमचं काम अडेल’ असं म्हटलं नाही. कारण कोणाचंच अडणार नव्हतं.

देश अंतराळ कार्यक्रम सोडतात त्याला आणखीही वाटा आहेत. सोव्हिएत संघाचं बुरान यान १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये एकदा, माणसांविना, उडालं आणि मग ज्या देशाचं ते होतं तो देशच उरला नाही. पुढे २००२ मध्ये बैकानूरच्या हँगरचं छत कोसळून ते चिरडलं गेलं, आठ कामगार दगावले. दक्षिण आफ्रिकेने १९९० च्या दशकात अण्वस्त्रांबरोबर आपला प्रक्षेपकही सोडला, कारण तो क्षेपणास्त्राचाच सख्खा भाऊ होता आणि जगाला ते दिसत होतं. या वाटा मोठ्या उलथापालथीच्या आहेत, आणि त्यांची चर्चा आपोआप होते. ब्रिटनची वाट लोकशाही देशाची, रीतसर टिपणीची वाट आहे. म्हणून तुम्हाला तीच सांगतोय.

सोडणं नेहमीच चूक असतं असंही नाही. त्याच ब्रिटनने १९६० मध्ये ब्लू स्ट्रीक हे क्षेपणास्त्र म्हणून रद्द केलं, ते योग्यच होतं. शत्रूचा हल्ला येत असताना इंधन भरत बसावं लागणारं अस्त्र काय कामाचं? पण ते टाकून न देता ‘युरोपा’ या युरोपच्या सामायिक रॉकेटाचा पहिला टप्पा म्हणून पुढे केलं, ते शहाणपण. खाली ब्रिटिश टप्पा, वर फ्रेंच, त्यावर जर्मन. ब्रिटिश टप्पा चोख चालायचा, वरचे दगा द्यायचे. तरीही १९६८ मध्ये ब्रिटनने त्यातूनही अंग काढायला सुरुवात केली, आणि १९७१ च्या नोव्हेंबरात, प्रॉस्पेरोनंतर आठ दिवसांनी, युरोपा रॉकेटाचं शेवटचं उड्डाण कोसळलं.

इथे फ्रान्सकडे बघा, कारण फ्रान्सलाही हाच स्वस्त पर्याय समोर होता. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने मिळून सिंफनी नावाचा दळणवळण उपग्रह बांधला होता. युरोपा कोसळल्यावर तो अमेरिकेच्या डेल्टा रॉकेटावर न्यावा लागला, आणि अमेरिकेने अट घातली: हा प्रायोगिक म्हणून वापरा, धंद्यासाठी नाही. पैसे पूर्ण मोजून ही अट. बैलजोडी विकून भाड्याच्या ट्रॅक्टरवर शेती करणाऱ्याला माहीत असतं की वाफसा आला की ट्रॅक्टर आधी मालकाच्या रानात जातो. फ्रान्सने जुलै १९७३ च्या ब्रुसेल्स परिषदेत नव्या रॉकेटासाठी इतरांना तयार केलं आणि सहा वर्षांनी, २४ डिसेंबर १९७९ रोजी, एरियान उडालं. ब्रिटनने त्या सौद्यात स्वतःसाठी जहाजांच्या दळणवळणाचा उपग्रह मागून घेतला. रॉकेट नको, उपग्रह हवा. ब्रिटन त्या वाटेने बुडालं नाही, हेही खरं. उपग्रह बांधण्यात तो देश आजही पुढे आहे. (त्या सिंफनी उपग्रहाचा वापर १९७७ ते १९७९ या काळात भारताने दूरसंचाराच्या प्रयोगांसाठी केला, हे आपल्याकडे फारसं कोणाला आठवत नाही.)

आता आपल्याकडे येऊ. १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या एसएलव्ही-३ ने ३५ किलोचा रोहिणी कक्षेत ठेवला. ब्रिटननंतर हा मान मिळवणारा पुढचा देश आपण. एसएलव्ही-३ ब्लॅक ॲरोपेक्षाही दुबळं होतं. पहिलं उड्डाण १९७९ मध्ये समुद्रात गेलं होतं. पुढचं एएसएलव्ही १९८७ आणि १९८८ असं लागोपाठ दोनदा पडलं. पीएसएलव्हीसुद्धा १९९३ मध्ये पहिल्या खेपेला पडलं. पैशाची चणचण आपल्याकडे ब्रिटनपेक्षा किती जास्त होती ते सांगायला नको. कॉर्फिल्ड यांच्या हाती होता तोच हिशेब आपल्या अर्थखात्याच्या हाती होता, आणि उत्तरही तेच यायला हवं होतं.

ते आलं नाही, याचं श्रेय आपण सवयीने जिद्दीला देतो, धवन-कलामांना देतो. जिद्द होतीच. बर्मिंगहॅममध्ये डॉक्टरेट केलेले वसंत गोवारीकर इंग्लंडातलं काम सोडून १९६७ मध्ये थुंब्याला आले आणि त्यांनी घन इंधनाची विद्या इथे रुजवली. एसएलव्ही-३ चे चारही टप्पे घन इंधनावर चालणारे होते. पण जिद्द आइल ऑफ वाइटवरही कमी नव्हती. फरक दुसरीकडे पडला. आपल्याकडे रॉकेट पिकायच्या आधी गिऱ्हाईक तयार करून ठेवलं होतं.

१९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचवले गेले. एकनाथ चिटणीस यांच्यासारखी माणसं त्या प्रयोगामागे होती. तेव्हा आपल्याकडे स्वतःचा प्रक्षेपक नव्हता. पुढे इन्सॅट-१ मालिकेचे उपग्रह अमेरिकन कंपनीकडून विकत घेतले आणि परदेशी वाहनांनी वर पाठवले. दूरदर्शन, हवामान खातं, दूरसंचार खातं अशी तीन बलदंड सरकारी खाती त्यांवर अवलंबून राहू लागली. वादळाचं चित्र रोज मिळायची सवय लागलेलं हवामान खातं उद्यापासून ते बंद म्हटलं तर गप्प बसेल का? १९८८ च्या मार्चमध्ये आयआरएस-१ए हा सुमारे ९७५ किलोचा पृथ्वी-निरीक्षण उपग्रह सोव्हिएत रॉकेटवरून, बैकानूरहून गेला. जंगल, पीक, पाणी मोजणारी खाती त्याच्या चित्रांची वाट पाहू लागली. आणि पीएसएलव्ही बांधलं ते नेमकं याच उपग्रहाच्या मापाचं: एक टनाच्या आसपासचा निरीक्षण उपग्रह, सूर्याशी जुळणारी ध्रुवीय कक्षा, उंची ९०० किलोमीटरच्या जवळपास. पायाचं माप आधी घेतलं होतं. म्हणून १९९३ चं पहिलं उड्डाण पडलं तरी दुसऱ्याची तयारी थांबली नाही, आणि १९९४ च्या ऑक्टोबरात ते साधलं. पडलेल्या रॉकेटामागे त्याची गरज असलेली खाती उभी होती. ब्लॅक ॲरोमागे कोणी उभं नव्हतं.

रॉकेट नसलेल्या देशाची पुढे काय गत होते तेही एका उदाहरणात सांगतो, कारण त्याचा शेवट आपल्याच अंगणात झाला. वनवेब ही लंडनची उपग्रह-इंटरनेट कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत निघाली, तेव्हा ब्रिटिश सरकार आणि आपल्याकडचा भारती समूह यांनी तिला वाचवलं. उपग्रह जायचे रशियन सोयुझवरून. २०२२ च्या मार्चमध्ये, युक्रेनयुद्ध सुरू झाल्यावर, बैकानूरला ३६ उपग्रह रॉकेटात बसवून तयार असताना रशियाने सांगितलं: ब्रिटिश सरकारने कंपनीतून बाहेर पडावं, नाहीतर उड्डाण नाही. रॉकेटावरचा ब्रिटनचा झेंडा झाकून टाकला, उड्डाण रद्द झालं आणि उपग्रह कझाकस्तानातच अडकून पडले. मग वनवेबने दारोदार चौकशी केली. त्यांचे ७२ उपग्रह ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ च्या दोन उड्डाणांत आपल्या एलव्हीएम-३ ने, श्रीहरिकोट्याहून वर नेले. ज्या देशाने १९७१ मध्ये रॉकेट परवडत नाही म्हणून सोडलं, त्याच्या सरकारी भागीदारीचे उपग्रह वर न्यायला आपण होतो. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. मला मात्र ती वाचताना आपल्याच काही नोंदी आठवतात.

१९ नोव्हेंबर २०२४ रोजी इस्रोचा जीसॅट-एन२ हा ४,७०० किलोचा उपग्रह अमेरिकेच्या फाल्कन-९ वरून गेला. एलव्हीएम-३ साठी तो जड होता, त्यामुळे दोष कोणाला द्यायचा नाही. १४ जानेवारी २०२५ रोजी बेंगळुरूच्या पिक्सेल कंपनीचे उपग्रह कॅलिफोर्नियाहून, त्याच फाल्कनवरून, इतर कित्येक प्रवाशांबरोबर गेले. त्यांचाही हिशेब बरोबर आहे: सामायिक उड्डाणाचं तिकीट स्वस्त, तारीख ठरलेली. पण आपल्याकडे ५०० किलोंचं ओझं पाचशे किलोमीटरवर नेणारं एसएसएलव्ही हे छोटं रॉकेट याच बाजारासाठी म्हणून बांधलं. २०२२ च्या ऑगस्टमधलं पहिलं उड्डाण फसलं, नंतरची दोन साधली, आता ते हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडे दिलं जात आहे. ज्या देशी कंपन्यांनी त्यावरून जायचं त्या परदेशी तिकीट काढत असतील, तर एसएसएलव्हीची गत ब्लॅक ॲरोसारखी व्हायला एक मंदीचं वर्ष आणि एक हुशार सचिव पुरेसा आहे.

नाविकचं दुखणं निराळं, पण जात तीच. आपली स्वतःची दिशादर्शक व्यवस्था. २०१३ ते २०१६ मध्ये सात उपग्रह वर गेले. काहींची आण्विक घड्याळं बिघडली. त्यांच्या जागी पाठवलेला एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये अपेक्षित कक्षेत पोचू शकला नाही. घड्याळं बिघडतात, झडपा अडकतात, हे चालायचंच. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: नाविक मंदावल्याचं देशात फारसं कोणाला जाणवलंच नाही. रस्ता शोधणारा रिक्षावाला असो की माल पोचवणारा मुलगा, त्याच्या खिशातला फोन अमेरिकेच्या जीपीएसवर सुखाने चालू राहिला. जीपीएस असं बंद पडतं तर दुसऱ्या दिवशी तुमच्या बंगल्यासमोर मोर्चा आला असता. ज्या सेवेसाठी मोर्चा येत नाही, तिचा निधी कापायला फार धैर्य लागत नाही.

आणि निधी कापला जातो म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, हे पाहायचं तर श्रीहरिकोट्याच्या आधी इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला जा. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या त्या गावात १९७० च्या दशकापासून इस्रोच्या रॉकेटांची घन इंधनाची आवरणं बनतात. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिनं तयार होतात. विशिष्ट पोलादावर, ठरलेल्या तापमानात, क्ष-किरणात एकही भेग दिसू नये असं जोडकाम करणारा वेल्डर घडायला वर्षं जातात. वर्षाला दोनच आवरणांची मागणी आली की तो दुसरीकडे जातो, आणि तीन वर्षांनी तुम्ही बोलावलं तरी येत नाही. ईस्ट काउझच्या कारखान्यात हॉवरक्राफ्ट बनत राहिले; रॉकेट बनवणारे हात तिथून निघून गेले ते गेलेच. ब्रिटनच्या भूमीवरून कक्षेत उपग्रह सोडायचा पहिला प्रयत्न व्हायला पुढे २०२३ चा जानेवारी उजाडला. कॉर्नवॉलहून, अमेरिकन कंपनीच्या विमानाखाली बांधलेल्या अमेरिकन रॉकेटाने. तोही फसला, आणि काही महिन्यांत ती कंपनीच बंद झाली.

म्हणून समितीला माझी मागणी पैशाची नाही. पुढच्या अनुदानाच्या अहवालात, पीएसएलव्हीपासून एसएसएलव्हीपर्यंत प्रत्येक वाहनापुढे आणि नाविकपुढेही एक रकाना वाढवा: येत्या पाच वर्षांत याचा वापर कोण करणार, आणि त्यांनी तसं लेखी दिलं आहे का. कृषी मंत्रालयाने किती उड्डाणं मागितली, संरक्षणाने किती, रेल्वेने नाविक कुठे बसवलं, मच्छीमारांच्या बोटींवर किती बसवलं, देशी कंपन्यांनी एसएसएलव्हीवर किती जागा धरल्या. विभागाने ‘मागणी वाढण्याची अपेक्षा आहे’ असं लिहिलं तर ते उत्तर स्वीकारू नका. त्या मंत्रालयांच्या सचिवांनाच साक्षीला बोलवा. एखाद्या वाहनापुढचा रकाना रिकामा राहिला तर दोनच मार्ग आहेत. सरकारने स्वतः त्याचं गिऱ्हाईक व्हावं आणि वर्षाला इतकी उड्डाणं घेऊच असं आधी लिहून द्यावं. नाहीतर ते वाहन बंद करावं, पण आपण काय सोडतोय आणि पुढे कोणाच्या रॉकेटावर विसंबणार हे सभागृहात सांगून करावं. मला दुसराही मार्ग मान्य आहे. अमान्य आहे तो तिसरा: कोणीच काही ठरवायचं नाही, दरवर्षी थोडं कमी द्यायचं, आणि एक दिवस परदेशी तिकीट स्वस्त पडतं अशी टिपणी वर पाठवायची.

शिफारशीवर केलेल्या कार्यवाहीचा अहवाल विभागाला सादर करावा लागतो, तेव्हा हा रकाना एकदा छापला गेला की तो रिकामा ठेवणं विभागाला जड जाईल. या हिवाळी अधिवेशनाआधीच्या बैठकीत विषय घेता आला तर पाहावं.

कळावे,

आपला,
एक मतदार, पुणे